निराळ्या मनाचा सहाध्यायी

मराठीत 'दिवे लावणे' असा एक वाक्प्रचार आहे. सहामाहीच्या गुणपत्रकावरील लाल रेघा पाहून वडील म्हणतात, "वा! काय दिवे लावलेस!" हे ऐकताच तुम्हांपैकी बहुतेकांची मान खाली जाते, कारण शब्द कौतुकाचे असले तरी सूर रागाचा आहे, हे तुम्हांस कोणी न शिकविताच कळते. परंतु एखादा मुलगा असाही असतो, की जो गंभीरपणे उत्तर देतो, "मी नाही लावले. दिवे आईने लावले." वडिलांस वाटते, पोरगा उलट उत्तर देतो आहे. मुलास वाटते, विचारले त्याचे खरे उत्तर दिले, तरी थप्पड का बसली? दोघांपैकी कोणीही लबाडी केलेली नाही. आणि तरीही घरात एक जण रडतो आहे व दुसरा धुमसतो आहे.

अशा मुलांविषयी, त्यांच्या मनाविषयी आणि त्यांना वाढविताना घरात व वर्गात येणाऱ्या अडचणींविषयी प्रस्तुत लेखात आम्ही लिहिणार आहोत. हा विषय केवळ आईबापांचा आहे असे कोणी समजू नये. अशा मुलाच्या शेजारी बाकावर तुम्ही बसता, त्याच्याबरोबर डबा खाता, आणि मधल्या सुट्टीत त्याचे हसे होते तेव्हा तुम्ही एक तर हसणाऱ्यांत असता किंवा नसता. म्हणून हा धडा तुमचाही आहे.

लक्षणे कोणती?

या मुलांची बुद्धी मंद नसते. पुष्कळदा ती चांगली असते आणि शब्दसंग्रह तर वयाच्या मानाने थोर असतो. एखाद्या विषयाचा त्यांस विलक्षण छंद असतो. आमच्या सुरतेत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. तेथील एखाद्या मुलास ताप्ती मार्गावरील स्थानके तोंडपाठ असतील : उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. नवापूरच्या स्थानकाचा काही भाग गुजरातेत व काही महाराष्ट्रात आहे, हेही तो सांगेल. तो सांगत राहील, आणि ऐकणारा केव्हाच कंटाळला आहे, घड्याळाकडे पाहतो आहे, हे मात्र त्याच्या ध्यानी येणार नाही.

डोळ्यांस डोळा देऊन बोलणे त्यास जड जाते. येथे आपल्या समाजाची एक गंमत पाहा. वडीलधारे रागावले असता त्यांच्याकडे रोखून पाहिले तर आपण मुलास उद्धट म्हणतो, आणि खाली पाहिले तर 'माझ्याकडे बघून बोल' असे दरडावतो. इतर मुले यांतील योग्य ते वेळ पाहून करतात. या मुलास तो लपलेला नियम दिसत नाही, आणि तो कोणी सांगतही नाही.

याखेरीज दोन गोष्टी. एक, ठरलेला क्रम मोडला की हा मुलगा अस्वस्थ होतो. दुसरी, त्याची ज्ञानेंद्रिये कधी फार तीव्र तर कधी फार मंद असतात. कुकरची शिटी, सदऱ्याच्या कॉलरमागचा कापडी शिक्का, गर्दीतील धक्का यांचा तुम्हांस जो त्रास होतो, त्याहून कितीतरी पट त्यास होऊ शकतो. मुलींमध्येही हे असते. परंतु त्या इतरांचे पाहून वागण्याची नक्कल अधिक करतात, म्हणून त्या पुष्कळ वेळा कोणाच्याच लक्षात येत नाहीत.

नावाचा इतिहास

या स्वभावविशेषास अनेक वर्षे 'ॲस्पर्गर लक्षणसमूह' असे नाव होते. त्याचा इतिहास समजून घेण्याजोगा आहे, कारण त्यात ज्ञान आणि माणुसकी या दोहोंचा धडा आहे.

अशा सहा मुलांचे तपशीलवार वर्णन मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी १९२५ साली रशियन भाषेत व १९२६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. पण जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'ऑटिझम', म्हणजे ज्यास आज मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात, त्याची ओळख वैद्यकशास्त्रास या लेखाने झाली. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर यांनी चार मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. ही मुले बोलण्यात हुशार, छंदांत बुडालेली, पण सवंगड्यांत एकटी पडणारी अशी होती. तो जर्मन लेखही दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १९८१ साली इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी त्यास उजेडात आणले आणि 'ॲस्पर्गर लक्षणसमूह' हे नाव रूढ केले. लॉर्ना विंग या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या, ही गोष्ट विसरता येत नाही.

१९९० च्या दशकात हे नाव वैद्यकीय वर्गीकरणांत आले. २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणातून ते गळले, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही ते स्वतंत्रपणे नाही. या सर्व प्रकारांस आता 'स्वमग्नतेचा वर्णपट' असे एकच व्यापक नाव आहे. इंद्रधनुष्यात तांबडा कोठे संपतो आणि नारिंगी कोठे सुरू होतो हे जसे बोट ठेवून दाखविता येत नाही, तसेच हे आहे. तथापि जुन्या नावाने स्वतःस ओळखणारी माणसे व तेच नाव वापरणारे पालक अजून आहेत, म्हणून तेही ठाऊक असावे.

या इतिहासास एक काळी बाजू आहे. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या जर्मनीत सामील केला गेला. त्या राजवटीत व्हिएन्नातील 'आम श्पीगेलग्रुंड' नावाच्या संस्थेत अपंग व दुर्बल ठरविलेली ७८९ मुले मृत्यू पावली; त्यांपैकी पुष्कळ बुद्ध्या मारली गेली. स्वतः ॲस्पर्गर यांनी काही मुलांस त्या संस्थेकडे पाठविण्याची शिफारस केली होती, हे इतिहासकार हेर्विग चेख यांनी २०१८ साली कागदपत्रांवरून दाखवून दिले. ज्या मनुष्याने काही मुलांच्या मनाचे इतके बारकाईने निरीक्षण केले, त्यानेच दुसऱ्या काही मुलांस मृत्यूच्या दाराशी पाठवावे, ही घटना मनुष्यस्वभावाविषयी पुष्कळ सांगते. बारकाईने पाहणे आणि जिव्हाळ्याने पाहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आईचा दोष काय?

मूल असे का होते? विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत एक मत पसरले होते, की आईच्या थंड वागणुकीमुळे मूल स्वतःत मिटून जाते. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने त्या मतास मोठाच पाठिंबा दिला. वस्तुतः त्यापूर्वीच, १९६४ साली, मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी या मताचे खंडन केले होते; तेही एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन व मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास केला व यामागे आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे हे दाखविले. आज या गोष्टीविषयी शास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही.

तरीही आपल्या गल्लीतून हा वाद संपलेला नाही. येथे आईस थंड म्हणत नाहीत, उलट 'हिने लाडावून ठेवला आहे' असे म्हणतात. लग्नाच्या मांडवात मूल कानांवर हात ठेवून किंचाळू लागले की पाहुण्यांच्या माना प्रथम आईकडे वळतात. आमच्या शहरात उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत अनेक घरे एका खोलीची आहेत. वडील रात्रपाळी करून आलेले असतात, त्यांस दिवसा झोप हवी असते, आणि त्याच खोलीत हे मूल तेच एक वाक्य शंभर वेळा म्हणत असते. त्या माउलीने कोणास झोपवावे आणि कोणास गप्प करावे? तिला उपदेश करणारे शंभर भेटतात. तासभर मूल सांभाळून तिला विसावा देणारे कोणी भेटत नाही.

समानुभूती म्हणजे काय?

या मुलांविषयी सर्वांत मोठा आरोप असा, की त्यांस दुसऱ्याचे दुःख समजत नाही. हा आरोप तपासून पाहू.

दुसऱ्याच्या मनाशी आपले मन जुळणे यास समानुभूती म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे हा बुद्धीचा भाग; आणि दुसऱ्याच्या दुःखाने आपले मन दुखणे हा भावनेचा भाग. हे दोन्ही एकत्रच असतात असे नाही. खिसेकापू पहिल्या भागात निष्णात असतो; आपले लक्ष कोठे आहे ते त्यास अचूक कळते. पण म्हणून कोणी त्यास दयाळू म्हणत नाही.

१९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या पाठीमागे ॲन नावाची बाहुली ती गोटी पेटीत ठेवते. परत आलेली सॅली गोटी कोठे शोधील? योग्य उत्तर अर्थातच 'टोपलीत' हे होय, कारण पेटीची गोष्ट तिला ठाऊक नाही. या प्रयोगातील २० स्वमग्न मुलांपैकी १६ मुलांनी 'पेटीत' असे दाखविले. त्यांस जे ठाऊक होते ते सॅलीस ठाऊक नाही, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. उरलेल्या ४ मुलांनी मात्र बरोबर उत्तर दिले, हेही लक्षात ठेवावे.

परंतु हा प्रयोग समानुभूतीच्या पहिल्या भागाचा आहे. दुसऱ्या भागाविषयी तो काहीच सांगत नाही. आमच्या परिचयाच्या एका घरात आजी वारली. सर्व घर रडत असताना नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आता आजीची खाट मला मिळेल का?" नातेवाईक संतापले, 'दगडाच्या काळजाचा' असे कोणी म्हणाले. आजी दररोज सायंकाळी सहाला पोथी वाचीत असे. पुढे कित्येक महिने हा मुलगा रोज सहा वाजता आजीचा चष्मा पुसून त्या पोथीवर ठेवी, आणि साडेसहाला उचलून पुन्हा डबीत घाली. त्यास कोणी हे सांगितले नव्हते. खाट त्याने मागितली होती, पण मिळाल्यावर तिच्यावर कोणास बसू दिले नाही. त्याचे दुःख खोटे होते काय? ते होते, फक्त ज्या जागी आपण शोधतो, त्या जागी नव्हते.

पूल दोन्ही काठांवरून बांधावा लागतो

२०१२ साली इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी एक निराळा विचार मांडला. ते स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचे म्हणणे असे, की या मुलांस इतरांचे मन कळत नाही ही अर्धीच गोष्ट झाली. इतरांस तरी या मुलांचे मन कोठे कळते? न समजणे दोन्ही बाजूंनी आहे. मग दोष एकाच बाजूच्या माथी का?

हा विचार सुरतकरांस समजणे अवघड नाही. या शहरात नव्याने आलेल्या मनुष्यास पहिला धक्का बसतो तो येथील बोलीचा. दोन जिवलग मित्र रस्त्यात भेटतात आणि रामराम म्हणण्याऐवजी एकमेकांस अशी शिवी हासडतात, की नवख्या माणसास वाटावे, आता मारामारी होणार. पण ते तर खांद्यावर हात टाकून चहास जातात! येथे चूक कोणाचीच नाही. आमची स्वतःची घरची भाषा कोंकणी आहे. कोंकणीत 'जाय' म्हणजे 'पाहिजे' आणि 'नाका' म्हणजे 'नको'. घरी आलेल्या मराठी मुलास आम्ही प्रेमाने विचारावे, "तुका च्या जाय?" आणि त्याने 'जा' एवढेच ऐकून चपला घालाव्यात, असे होऊ शकते. अशा वेळी त्या मुलाचे मन बधिर आहे असे आपण म्हणत नाही. दोन भाषा समोरासमोर आल्या, एवढेच म्हणतो.

तुम्ही कानगोष्टींचा खेळ खेळता. २०२० साली एडिंबरो येथील कॅथरिन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या रांगांतून एक गोष्ट पुढे सांगावयाची होती. सर्व स्वमग्न माणसांच्या रांगेत गोष्ट जितकी शाबूत राहिली, तितकीच ती इतरांच्या रांगेत राहिली. मिश्र रांगेत मात्र ती अधिक गळाली. पुढे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अधिक मोठ्या प्रयोगात मिश्र रांगेची ही उणीव आढळली नाही. शास्त्र असेच पुढे जाते. एका प्रयोगावर विसंबून ते थांबत नाही. परंतु दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान निघाली : स्वमग्न माणसे गोष्ट सांगण्यात इतरांच्या मागे नव्हती.

हट्ट आणि उद्रेक

आता वागणुकीकडे वळू. पालकांस व शिक्षकांस सर्वांत कठीण जातो तो मुलाचा उद्रेक : किंचाळणे, वस्तू फेकणे, कधी मारणे, कधी स्वतःचे डोके आपटून घेणे. यास लोक 'हट्ट' म्हणतात. पण हट्ट व उद्रेक यांत भेद आहे. हट्ट करणारे मूल रडतारडता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत असते, की आईवर परिणाम होतो की नाही. आणि खेळणे मिळताच ते हसू लागते. उद्रेकातील मूल कोणाकडे पाहत नाही. हवी ती वस्तू दिली तरी ते थांबू शकत नाही. भरलेल्या धरणाचे पाणी जसे सांडव्यावरून जाते, तसे दिवसभर साठलेले असह्य आवाज, गर्दी, न कळलेले बोलणे आणि धरून ठेवलेला धीर हे सर्व एकदम बाहेर पडते. म्हणूनच पुष्कळ मुले शाळेत शहाण्यासारखी वागतात आणि घराचा उंबरा ओलांडताच कोसळतात. घर हे त्यांस कोसळण्यास सुरक्षित वाटते. पण आईस वाटते, हा मलाच छळतो.

उद्रेक चालू असता उपदेश, प्रश्न व मार यांचा काही उपयोग नसतो. त्या वेळी आवाज कमी करावेत, गर्दी हटवावी, त्यास व इतरांस इजा होणार नाही एवढे पाहावे आणि थांबावे. शिकविण्याची वेळ नंतरची.

कारण शोधण्यासाठी एक साधी वही पुरते. तिच्या पानावर तीन रकाने आखावेत : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. वार व वेळही लिहावी. आमच्या पाहण्यातील एका आईने तीन आठवडे अशी वही ठेवली, तेव्हा तिला दिसून आले, की मोठे उद्रेक बहुतेक शुक्रवारी रात्रीच होतात. शनिवारी शाळा सकाळची असे. जेवण, दप्तर, झोप या साऱ्यांचा क्रम शुक्रवारी रात्री बदले, आणि तो बदल मुलास आयत्या वेळी कळे. मग तिने दिनदर्शिकेवर शनिवारांस निळी खूण केली, शुक्रवारी दुपारीच तो बदल सांगू लागली, आणि दप्तर मुलास स्वतः भरू दिले. उद्रेक पूर्णपणे थांबले नाहीत. पण ते कमी झाले, आणि मुख्य म्हणजे मूल द्वाड आहे ही समजूत त्या घरातून गेली.

ॲस्पर्गर यांच्या १९४४ च्या लेखातील एक निरीक्षण येथे उपयोगी आहे. अशा मुलाशी रागाने किंवा लाडीगोडीने न बोलता शांत, समान सुरात बोलावे. आणि 'मी सांगते म्हणून' असे न म्हणता सर्वांस लागू असलेला नियम म्हणून सांगावे. 'अभ्यासाला बस, किती वेळा सांगू?' यापेक्षा 'सात वाजले, सात ही अभ्यासाची वेळ' हे त्यास चटकन पटते. त्यात कोणाची हारजीत नसते. घड्याळ सर्वांचे सारखेच असते. सांगणाऱ्याचे चरित्र काळे असले, तरी खरे निरीक्षण खोटे ठरत नाही. ते आपण अधिक चांगल्या हातांनी वापरावे.

बोलतानाही शब्दांचा सरळ अर्थ तोच आपला अर्थ असावा. 'पाच मिनिटांत येते' असे आईने म्हटले तर सहाव्या मिनिटास या मुलाच्या दृष्टीने ते खोटे ठरते. 'भाजी चिरून झाली की येते' असे म्हणावे.

समजून घेणे म्हणजे सर्व काही चालवून घेणे नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. घरात धाकटी बहीण असेल आणि तिला मार बसत असेल, तर तिचे दुःखही दुःखच आहे. 'तो तसाच आहे, तू समजून घे' असे दर वेळी तिलाच सांगणे हा अन्याय होय. मुलास नियम स्पष्ट द्यावा : राग येऊ शकतो, पण मारता येत नाही, राग आला की या कोपऱ्यात जाऊन बसता येते. आणि बहिणीस आईचा रोज थोडा तरी वेळ तिच्या एकटीचा मिळावा.

गोव्यातील एक प्रयत्न

असे शिक्षण देण्यास मोठमोठे तज्ज्ञच लागतात काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न गोव्यात झाला. 'संगाथ' ही संस्था तेथे १९९६ साली स्थापन झाली. तेथील संशोधिका डॉ. गौरी दिवाण व सहकारी यांनी गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी बोलून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरचे लोक प्रथम मुलाच्या निराळेपणास काहीतरी ओळखीचे कारण शोधतात, मग हळूहळू समारंभांस जाणे सोडतात आणि एकटे पडतात. डॉक्टर व शिक्षक यांसही पुरेशी माहिती नसते, असे त्यात दिसून आले.

त्यानंतर इंग्लंडमध्ये सिद्ध केलेली एक पद्धत दक्षिण आशियास अनुरूप करून गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे तपासण्यात आली. तीत २ ते ९ वर्षांची ६५ मुले होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका पालकांस भेटत. आईचे मुलाबरोबर खेळणे चित्रित करीत आणि मग ते दोघी बसून पाहत. मुलाने कशाकडे पाहिले, कोणता हावभाव केला, त्या वेळी आईने घाई केली की वाट पाहिली, हे आईच आपल्या डोळ्यांनी पाही. अशा १२ बैठका ठरविलेल्या होत्या. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले : पालकांचे प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागले, आणि मुले आपण होऊन आईबापांशी अधिक संवाद सुरू करू लागली. सर्वच मोजमापांत सुधारणा झाली असे मात्र नाही. ही मुले आपल्या चर्चेतील मुलांपेक्षा बहुतांशी लहान व कमी बोलणारी होती. तथापि तत्त्व तेच आहे. आधी मोठ्यांनी थांबून मुलाकडे पाहिले, आणि मग मूल त्यांच्याकडे वळले.

कायदा काय म्हणतो?

१९९५ सालच्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो प्रथम आला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकार मानतो, व त्यांत स्वमग्नतेचा वर्णपट आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य बदल करावेत, असे त्याचे १७ वे कलम सांगते. परीक्षेस अधिक वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणे त्यातच दिली आहेत. मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांशी झगडणाऱ्या आमच्या मुलांच्या पालकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत करावयाची योजना आहे, आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा केंद्रे आहेत. निदान मात्र तज्ज्ञ डॉक्टरांनीच करावे. हा लेख वाचून कोणी शेजाऱ्याच्या मुलास नाव चिकटवू नये.

सहाध्यायांचे कर्तव्य

विद्यार्थिमित्रहो, मोठ्यांच्या नकळत वर्गात जे घडते ते तुम्हांसच ठाऊक असते. अशा मुलास खोटेच सांगावयाचे, की 'बाईंनी तुला ओरडून गाणे म्हणायला सांगितले आहे', आणि तो खरेच म्हणू लागला की हसावयाचे. हा खेळ तुमच्यापैकी कोणी पाहिला नसेल असे नाही. त्याचा विश्वास हीच त्याची फजिती व्हावी, यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी नाही. हा खेळ मोडण्यास फार मोठे धैर्य लागत नाही. एका मुलाने त्याच्याजवळ जाऊन 'त्यांनी थट्टा केली, बाईंनी तसे सांगितलेले नाही' एवढे स्पष्ट सांगितले की पुरे.

आणखी चार गोष्टी तुमच्या हातांत आहेत. त्याच्याशी सरळ बोला. मागून एकदम खांद्यावर हात टाकू नका. आपल्या खेळाचे नियम एकदा त्यास नीट सांगा आणि मग मध्येच बदलू नका. उत्तरायणाच्या गच्चीवरील भोंगे, गणपतीच्या मिरवणुकीतील ढोल, दिवाळीचे फटाके यांपासून तो दूर बसला तर त्यास ओढू नका. परत येऊन काय काय पाहिले ते त्यास सांगा. आणि कधीतरी दहा मिनिटे त्याच्या छंदाची गोष्ट ऐका. ताप्ती मार्गाविषयी तुम्हांस जे ठाऊक नाही ते त्यास ठाऊक आहे.

स्वाध्याय

१. 'डोके खाणे', 'कानाला खडा लावणे', 'पोटात कावळे ओरडणे' हे वाक्प्रचार शब्दशः घेणाऱ्या मुलास त्यांचा अर्थ सरळ शब्दांत समजावून सांगा.

२. हट्ट व उद्रेक यांतील भेद स्वतःच्या शब्दांत लिहा.

३. समानुभूतीचे दोन भाग कोणते? आजीच्या खाटेच्या प्रसंगात त्यांपैकी कोणता भाग दिसला नाही व कोणता दिसला?

४. आपल्या वर्गातील असे पाच नियम लिहून काढा, की जे कोणीही कधी सांगितलेले नाहीत आणि तरी सर्वांस ठाऊक आहेत. नव्याने आलेल्या मुलास ते कोण सांगेल?